चामडीवर शिंग आलंय? आधी बूड बघा

आमच्या स्किन ओपीडीत कानाच्या पाळीवर नखासारखं पिवळट, वाकडं शिंग घेऊन शेतकरी येतात. घोड्याचा केस बांधून, चुना लावून झालेला असतो! तसलं काही करू नका. ब्लेड तर अजिबात नको. वरचं शिंग म्हणजे नुसतं निर्जीव केराटिन, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात ते. खरी भानगड बुडाशी. हलकेच चाचपा: बूड रुंद, कडक, लालसर, दुखरं असेल किंवा शिंग भराभर वाढत असेल, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञ गाठा. बहुतेक शिंगं साधी निघतात, पण साधारण पाच-सहातल्या एकाखाली कॅन्सर सापडतो, बहुधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराचा कॅन्सर. म्हणून बूड मऊ असलं तरी दाखवायचंच. जागेवर भूल देऊन बुडासकट काढतात नि बायोप्सीला पाठवतात. रिपोर्ट न्यायला मात्र या. टाके निघाले की लोक फिरकतच नाहीत.