चादरीच्या डिझाइनचा जुना एक्सपी पीसी नेटला जोडताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या कारखान्यात चादरीची जॅकार्ड (विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागाची) डिझाइनं अजून विंडोज एक्सपीवरच निघतात. सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती छोटी किल्ली, जुन्या प्रिंटर पोर्टात बसतं, नव्या पीसीला ते पोर्टच नाही. म्हणून हा पीसी मी जिवापाड जपतो.

आधी घड्याळ बघा. माझं दर वेळी २००२ वर जायचं आणि कुठली साइट उघडायची नाही, कारण साइट खरी असल्याच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत तारखेवरूनच तपासली जाते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, तारीख लावली, निम्मं काम तिथेच झालं. मग सरळ लॅन केबल जोडा, वायफायच्या नादी लागू नका. इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला टीएलएस १.२, म्हणजे आजच्या साइट वापरतात ती एन्क्रिप्शनची पद्धत, कळत नाही. दुसऱ्या पीसीवरून पेनड्राइव्हने फायरफॉक्स ५२ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) आणा. एक्सपीवर चालणारी फायरफॉक्सची ती शेवटची मालिका, आणि एन्क्रिप्शनसाठी ती विंडोजवर अवलंबून नसते.

स्क्रीन ६४०×४८० आणि १६ रंगांत अडकली असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. नाहीतर चादरीतला मरून आणि लाल वेगळा दिसणारच नाही.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. बँक, ईमेल त्यावर अजिबात नको. फाइल उतरली की मी केबल लगेच काढतो, तुम्हीही काढा.