पाटीवरचं 'विल्ला' वाचायला शिका, मग जंगल फुकट

बेळगावात नवीन आलेला आपला माणूस पहिल्या पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास करतो. कुंद्याचा डबा गावी पाठवतो, आणि रविवार आला की 'इथं जंगल कुठाय, फुकटात बघायला मिळतं का' असं विचारत सुटतो. मीही तेच केलं. 2009 साली आटपाडीहून उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागलो. आमच्याकडं बाभळीखाली बसलं तरी सावलीत बसलो म्हणतात. खानापूर ओलांडल्यावर पहिल्यांदा झाडी बघितली तेव्हा दुपारी दोन वाजता गाडीचा दिवा लावावासा वाटला होता.

दांडेलीची सफारी, कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा, भूतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय, इथं पैसे पडतात. ते भरा आणि जा, त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. मी सांगतोय ते पगाराच्या शेवटच्या आठवड्यातलं जंगल.

तर राष्ट्रीय उद्यान फुकट बघायचा सरळ मार्ग म्हणजे सार्वजनिक रस्ता. खानापूरवरून रामनगर, जोयडा, अणशी आणि खाली कद्र्यावरून कारवार. रामनगर म्हणजे सुपा धरणात गावं बुडाली त्या माणसांची वस्ती, तिथं चहा घ्या, मराठीत बोला, कोकणीत उत्तर येईल. अणशीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1987 सालचा. 2007 मध्ये दांडेली अभयारण्याला जोडून त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. काळी ही नदी, वाघाचा रंग नव्हे. काळे बिबटे मात्र तिथं खरंच आहेत. मला सोळा वर्षांत एकही दिसला नाही. गवे दिसले, शेकरू दिसलं, आणि घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स चारणारे पुण्याचे लोक तर दर वेळी दिसतात. रस्त्यानं जायला तिकीट नाही. पण रस्ता सोडून दहा पावलं झाडीत गेलात की तुम्ही प्रवासी राहत नाही. लघवीला थांबायचं तेसुद्धा गावात.

दुसरा मार्ग रेल्वेचा. लोंड्यावरून तिनईघाट, कॅसलरॉक आणि खाली कुळे. हा ब्रागांझा घाट गोव्यातल्या मोलेमच्या रानातून उतरतो. गाडी दूधसागरच्या अंगावरून जाते, डब्यात तुषार येतात. 310 मीटरचा धबधबा, खर्च मडगावच्या जनरल तिकिटाचा. मात्र रुळावरून चालत जाण्याचं खूळ डोक्यात घेऊ नका. रेल्वे कायद्याचं 147 कलम आहे, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. 2023 च्या जुलैत तिथं पोरांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. तरी दर पावसाळ्यात आमच्या शिफ्टमधला एखादा विचारतोच, "तिकडनं जायला वाट हाय म्हणे?" हाय. जाऊ नको.

आता माझी गोष्ट. ही मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, बायको म्हणते पाठ झाली सगळ्यांना.

2013 चा जुलै. आम्ही पाच जण, तीन गाड्या, जांबोटीच्या पुढं एका धबधब्याला निघालो. आमच्यातला एक जण कोल्हापूरकडचा, 'फॉरेस्टात माझी ओळख आहे' हे त्याचं पालुपद. भीमगड अभयारण्य 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालेलं, म्हणजे जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नाही. पायवाटेच्या तोंडाशी हिरवी पाटी होती. वर वेल चढलेला. कोल्हापूरकरानं नुकतीच कन्नड मुळाक्षरं गिरवायला घेतली होती. त्यानं बोट ठेवून वाचलं, "प्र... वे... श. प्रवेश! प्रवेशद्वार आहे रे, चला." वेलाखाली पुढची अक्षरं होती. पूर्ण शब्द 'प्रवेशविल्ला'. म्हणजे प्रवेश नाही.

अर्ध्या तासात गार्ड मागून आले. ओळखीच्या माणसाला फोन लावला, तो उचलला नाही. मग ऑफिसच्या ओसरीवर ओल्या कपड्यांनी दुपारी तीन ते रात्री आठ. वन्यजीव कायदा 1972 चा आहे, अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हाच गुन्हा, झाड तोडलं नाही, प्राणी मारला नाही, हे तिथं ऐकून घेत नाहीत. आणि खरं तर का ऐकावं? दंड भरला, गाड्या तिथंच अडकल्या, सोमवारची पहिली पाळी गेली, ती बुडवली म्हणून फाउंड्रीत हजेरीचा बोनस कापला. सगळं धरून माझा निम्मा पगार गेला. धबधबा बघितलाच नव्हता. नुसता आवाज ऐकला.

तेव्हापासून माझा नियम असा की, 'माझी ओळख आहे' म्हणणाऱ्याच्या मागं जायचं नाही. आपल्याकडून आलेल्या लोकांत हा रोग फार. दुसरा रोग, वीस वर्षं राहून 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही, एवढंच कन्नड. सीमेचं भांडण आहे, माझीही त्यात बाजू आहे, 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, मी एमएच पासिंगची गाडी बाहेर काढत नाही आणि तुम्हीही काढू नका. पण जंगलातली पाटी वाचायला शिकलं म्हणून कुणाची मराठी कमी होत नाही. पाटीवरचा शब्द 'इल्ला' किंवा 'विल्ला'नं संपत असेल तर मागं फिरायचं. 'अरण्य इलाखे' म्हणजे वनखातं. नाक्यावर गार्ड भेटला तर आधी "नमस्कार री" म्हणा, मग "होगबहुदा?" म्हणजे जाऊ शकतो का. पुढचं तो स्वतःच बहुतेक वेळा मराठीत सांगतो. खानापूर तालुक्यातला असला तर "कुठनं येऊलालाय?" असंच विचारील.

भीमगडात रीतसर परवानगीनं जा. किल्ला शिवकालीन, बारापेडेच्या गुहांत दुर्मिळ वटवाघळं आहेत, पण गुहांकडं फिरकायचं नाही. फुकटच हवं असेल तर खानापूर-हेमाडगा-अनमोड रस्ता अभयारण्यातून जातो, उजेड असताना जा, अस्वलांचा भाग आहे.

जानेवारीपासून पावसापर्यंत रानाच्या कडेनं फिरताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजमा मोज्यात खोचलेला. माकडताप गोचिडीमुळं होतो, या पट्ट्यात त्याचे रुग्ण सापडलेत. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, गावात सांगा. जळवा पावसात लागतात, त्यानं काही होत नाही, मीठ न्या.

थंडीत गोकाक तालुक्यातल्या धूपदाळला जा. घटप्रभेचा बंधारा 1897 सालचा, मागं पाणी पसरलेलं, हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरतात. काठावर पहाटे बसायचं.

आणि बायका-मुली बरोबर असतील तर एक कागदी काम आधी उरका. कर्नाटकाच्या सरकारी बसमध्ये 11 जून 2023 पासून बायकांना तिकीट नाही, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकाचा पाहिजे. आमच्या हिच्या आधारवर वर्षभर आटपाडीच होतं. कंडक्टर कार्ड बघायचा, परत द्यायचा आणि पैसे मागायचा, आणि शेजारची बाई शून्याचं तिकीट पदरात बांधून आमच्याकडं बघायची. लाल बस आणि एक्स्प्रेस चालते, एसी नाही.

त्या तिकिटावर जायला सगळ्यात चांगली जागा कणकुंबी. माऊलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते, बाराही महिने बघता येते, कुणी अडवत नाही. हे पाणी सौंदत्तीवरून पुढं कूडलसंगमाला कृष्णेला मिळतं, आणि याच तालुक्यात उगम पावलेली म्हादई मात्र उलट्या बाजूला गोव्याकडं उतरते. चोर्ल्याचा घाट तिथून जवळ, ढग रस्त्यावर आलेले असतात. बसमधून उतरतानाच परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते कंडक्टरला विचारून घ्या. मी एकदा विचारलं नव्हतं. देवळाच्या ओसरीवर रात्र काढली, पुजाऱ्यांनी घोंगडं दिलं, आणि पहाटे समोरच्या माळावर सात गवे चरत होते.