पळणाऱ्या फोडी काळ्या पडत होत्या, त्यावरचा उपाय

गटप्रकल्पासाठी आम्ही स्टॉप मोशन व्हिडिओ केला, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत काढलेले फोटो जोडून केलेला: सुरी दिसताच सफरचंदाच्या फोडी ताटलीतून पळ काढतात. सेकंदाला 12 फोटो, म्हणजे 10 सेकंदांच्या पळापळीला 120. तेवढे होईपर्यंत फोडी तपकिरी पडायच्या आणि पडद्यावर धावता धावता म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसायच्या.

फळ कापलं की त्यातल्या फिनॉल संयुगांची एन्झाइममुळे हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते, तोच हा रंग. आम्लात ते एन्झाइम मंदावतं. म्हणून पाण्यात लिंबू पिळून फोडी बुडवल्या आणि फडक्याने नीट टिपल्या. टिपायचा कंटाळा करू नका, ओल्या फोडीवर दिव्याची तिरीप चमकते आणि दर फोटोत जागा बदलते.

चित्र लुकलुकत होतं, कारण फोन प्रत्येक फोटोला प्रकाश नव्याने मोजत होता. एक्स्पोजर (फोटोतला उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक केले, पडदे ओढले, दिवे हलवले नाहीत. फोडी सरकवणाऱ्याने गडद कपडे घालावेत. पांढरा शर्टसुद्धा ताटलीवर उजेड फेकतो.

फोटो ब्लूटूथ रिमोटनेच काढा. फोनला बोट लागलं तरी फ्रेम सरकते. शेवटची फोड ताटलीच्या काठाशी अडखळून मागे वळून बघते, ते दृश्य त्यामुळेच इतकं सुरेख जमलं.