कडीची सुरी करायची तर आधी बोट मोजा

गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, हर्णैचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, माझ्या शेडवर आला. म्हणाला, "दादा, वर्षाला तीन-चार सुऱ्या दर्याला वाहतो मी. हातातनं सुटणार नाही अशी एक करून दे. नारळी पौर्णिमेच्या आत." मी आयटीआयचा फिटर. सुऱ्या करायला लागून मला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं आणि कडीची सुरी, म्हणजे बोट अडकवायला कडी असलेली, मी फक्त मोबाइलवर पाहिली होती. तरी हो म्हणालो. नवीन पोरं हल्ली विचारायला येतात म्हणून त्या एका सुरीचं सगळं लिहून ठेवतोय, चुकांसकट.

कडी दोन ठिकाणी घेता येते. इंडोनेशियाच्या करंबितला (वाकड्या पात्याची सुरी) ती मुठीच्या शेवटी असते. ती दिसते झकास, पण बोटीवर दोर कापताना हात पुढे, पात्यावर घसरतो. तो अडवायचा तर कडी पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर हवी, तर्जनीसाठी. म्हणजे ती अडसरही झाली आणि पकडही. तांडेलाचं काम ओला नायलॉन कापायचं, म्हणून पातं सरळ, 90 मिलिमीटरचं घेतलं आणि टोक मुद्दाम बोथट ठेवलं. हलत्या बोटीत टोकदार सुरी म्हणजे शेजाऱ्याच्या मांडीला निमंत्रण.

नवशिके पात्याचं चित्र आधी काढतात. मीही तेच केलं, आणि कडी मागून चिकटवल्यासारखी दिसायला लागली. आधी बोट मोजा. तर्जनीचा मधला सांधा सहसा सर्वांत जाड असतो, त्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा. तांडेलाची पट्टी 69 मिलिमीटर भरली. भागिले 3.14, म्हणजे 22. पण तो रबरी मोजे घालतो आणि बोटं पाण्यात फुगतात, म्हणून भोक 26 चं धरलं. मग प्लायवूडचा नमुना कापला, त्याला साबणाचं पाणी चोपडलं आणि तांडेलाला डोळे मिटून धरायला सांगितलं. दोनदा कडी तिरपी करावी लागली, कारण मूठ आवळली की तर्जनी पात्याशी काटकोनात राहत नाही, थोडी पुढे झुकते. प्लायवूडचा एक तुकडा फुकट गेला तर परवडतं. पोलादाचा गेला तर रडू येतं.

पोलाद म्हणाल तर ट्रकचा कमानपाटा, भंगारातला. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. चिवटपणाला चांगला, आणि आपल्या भट्टीत पाणी देता येतं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करता येतं. स्टेनलेसचा मोह खाऱ्या हवेत सगळ्यांनाच होतो, पण त्याला हजार अंशांच्या वर नेऊन काही मिनिटं तिथेच धरावं लागतं. कोळशाच्या भट्टीचं ते काम नाही. पाटा घेताना बारीक चिरा बघून घ्या, वापरलेल्या पाट्यात त्या असू शकतात. मग लाल करून राखेत पुरा आणि रात्रभर तसाच सोडा. नाहीतर ड्रिल नुसतं किंचाळतं.

पहिली सुरी पाणी देतानाच फुटली. टिंग असा आवाज आला, एवढाच. बघतो तर कडीच्या आतून केसाएवढी चीर. ड्रिलचे ओरखडे आणि आतली धारदार कड मी तशीच ठेवली होती, आणि तापलेलं पोलाद झटकन थंड होताना ताण नेमका तिथेच साठतो. वर, आमच्याकडचे म्हातारे लोहार कोयत्याला पाणी देतात तसं मी साध्या पाण्यात बुडवलं होतं. पाट्याचं पोलाद ते सोसत नाही. दुसऱ्या वेळी आतली कड कानशीने गोल केली, पॉलिश पेपर मारला आणि कोमट तेल घेतलं. लोहचुंबक चिकटायचं थांबलं (साधारण 770 अंश) की आणखी थोडं तापवायचं आणि फक्त धारेची बाजू बुडवायची. कडी कडक करायचीच नाही, ती मऊच बरी. नंतर ठिसूळपणा कमी करायला ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. घरचा केकचा ओव्हन वापरलात तर तेलाच्या वासाबद्दल घरात काय ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

मूठ खैराची, आजीच्या मोडक्या मुसळातून काढलेली. पात्याला भिजवलेल्या आमसुलांचा आंबट रस चोळून करडं केलं, म्हणजे गंज थोडा उशिरा चढतो. रोजच्या निगेला खोबरेल तेल.

सगळं छान झालं आणि ट्रायलला तांडेलाने ओढीतला दोर कापायला घेतला. दोर कडीखाली अडकला, बोट आत, हात ओढला गेला. सुदैवाने पेर फक्त सुजलं. अशा वेळी अंगठीसारखी कातडी सोलून निघू शकते, आणि मी बंद कडी करताना याचा विचारच केला नव्हता. घरी येऊन कडीचा खालचा पाव भाग कापून टाकला. आता ती आकड्यासारखी उघडी आहे. बोट पुढे घसरत नाही, पण ओढ बसली तर निसटतं. सुरी पडू नये म्हणून मुठीला दोरी लावली, तीही जोरात ओढली तर तुटेल अशी, सुती. फोटोत बंद कडीच देखणी दिसते, ते खरं. बोटीवर वापरणाऱ्याला मी ती करून देत नाही.

कायद्याचंही बघून घ्या. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्र म्हणून येतात, घरगुती, शेतीच्या, विज्ञानाच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी केलेल्या सोडून. आपलं काम त्याच्या कितीतरी आत आहे. तरी गिऱ्हाईक कोण आणि सुरी कशाला, हे विचारून घेतो. "जरा भारी दिसेल अशी" म्हणणाऱ्याला नाही म्हणतो.

नंतर तांडेल परत आला. मूठ काळी पडलेली, पितळी खिळ्यांभोवती गंजाचे टिपके, धार मात्र चालू. खिशातून त्याने बिडीच्या पुड्याची एक पट्टी काढली, पेनाने खूण केलेली. "भावाची. त्याचं बोट जाडं हाय." 76 मिलिमीटर.