व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना फ्रेम गळतात?

फ्रेम म्हणजे व्हिडिओतले एकेक चित्र; त्या गळल्या की आवाज ओठांच्या मागेपुढे होत जातो. हे टाळायला महागडा संगणक नको. ऑफिसातून निघालेला, वहीएवढा जुना मिनी पीसी उत्तम. तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीन तासच लागतात, म्हणून शांत यंत्राला महत्त्व.

१. प्रोसेसर सहाव्या पिढीचा आय-५ किंवा पुढचा, रॅम ८ जीबी. पंखा नसलेले यंत्र टाळा: तापले की ते वेग कमी करते आणि तिथेच फ्रेम जातात. हळू फिरणारा पंखा बरा.

२. विंडोज एका एसएसडीवर, रेकॉर्डिंग दुसऱ्यावर. पाल (भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) चित्र ७२० × ५७६ मध्ये हफवाययूव्हीने (दर्जा न घटवता फाइल लहान करणारी पद्धत) घेतले तर तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतात; दुसरी डिस्क किमान ५०० जीबीची हवी. ती एनटीएफएस या फाइल-रचनेतच फॉरमॅट करा, जुन्या एफएटी३२ रचनेवर फाइल ४ जीबीला अडकते.

३. कॅप्चर डोंगल (व्हीसीआरचे चित्र-आवाज संगणकात आणणारे छोटे यंत्र) थेट मागच्या यूएसबी पोर्टला लावा, हबला नाही. रेकॉर्डिंग चालू असताना स्लीप आणि अपडेट बंद ठेवा.

आवाजात घरघर आली तर व्हीसीआर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा.

जपा: मूळ कॅसेट फेकण्याआधी फाइल शेवटपर्यंत पाहा.