टाइल्स बसण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून ठेवा

'वॉटरप्रूफिंग झालं, हप्ता द्या' असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पण वरून बघून काही कळत नाही. आमच्याकडे टाइल्स बसल्यावर दोन महिन्यांनी खालच्या काकूंच्या छताला ओल आली आणि सगळं पुन्हा फोडावं लागलं. दुसऱ्या बाथरूमला मग असं केलं:

१. वॉटरप्रूफिंगचा कोट वाळायला डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण जाऊ द्या. घाई कॉन्ट्रॅक्टरला असते, आपल्याला नाही.
२. नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाच्या) तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा. उंबऱ्याशी सिमेंटचा छोटा बांध घाला.
३. दोन इंच पाणी भरा, भिंतीवर मार्करने रेघ मारा, तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा.
४. शेजारी पाणी भरलेलं घमेलं ठेवून त्यालाही खूण करा. 'पाणी उन्हाने आटलं' ही सबब तिथेच संपते, कारण आटलं तर दोन्हीकडे सारखंच आटेल.
५. ४८ तासांनी रेघ बघा, खाली जाऊन छत हाताने चाचपा. कोरडं असेल तरच हप्ता.

पाणी भरण्याआधी खालच्या घरी सांगून ठेवा, आणि त्यांच्या छतात दिवा किंवा पंखा असेल तर तो तेवढे दोन दिवस बंद ठेवायला सांगा.