झिजलेल्या पदकावरची अक्षरं वाचायची असतील तर

ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले, त्या भेटीची आणि त्यांच्या राज्याभिषेकानिमित्त भरलेल्या दिल्ली दरबाराची पदकं आजही जुन्या पेट्यांतून निघतात. अक्षरं मात्र झिजलेली, आणि समोरून उजेड टाकला की काहीच कळत नाही.

१. खोलीत अंधार करा, पदक काळ्या कापडावर ठेवा.
२. मोबाईलचा टॉर्च बाजूने, अगदी जमिनीलगत आडवा धरा.
३. टॉर्च स्थिर ठेवून पदक हळूहळू फिरवा. सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. तेव्हाच दुसऱ्या फोनने फोटो काढा.

दरबार पदकाच्या मागचा फार्सी मजकूरही असाच सुटा सुटा दिसतो, फार सुंदर दिसतो!

चिंचेने किंवा राखेने मात्र कधीच घासू नका. उरलंसुरलं अक्षरही जातं आणि किंमतही.